वायफायच्या खुणेचं कार्ड आणि खिशातली धास्ती

महाद्वार रोडवर चप्पल घेतली की दुकानदार कार्डाचं मशीन पुढं सरकवतो. "टेकवा नुसतं, पिन नको." टुंग वाजतं, पावती बाहेर येते. पण याच सोयीनं अनेकांच्या पोटात गोळा येतो. अंबाबाईच्या रांगेत नाहीतर सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या गर्दीत कुणी असंच मशीन आपल्या खिशाला टेकवलं तर?

कोल्हापूरकरांना ही धास्ती जरा जास्तच खरी वाटते, आणि ते उगाच नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी पैसे काढले गेले, त्यात कोल्हापुरातली एटीएमही होती. तो घाला बँकेच्या यंत्रणेवर होता, कुणाच्या खिशातलं कार्ड हवेतून वाचलं गेलं नव्हतं. तरी 'कार्डाची नक्कल होते' एवढं लोकांच्या मनात बसलं ते बसलंच.

नक्कल सोपी केली ती कार्डामागच्या काळ्या पट्टीनं. पट्टीवरची माहिती कधी बदलत नाही. एकदा उतरवून घेतली की दुसऱ्या कार्डावर चढवता येते. चिप आली ती हे थांबवायला. चिप प्रत्येक व्यवहाराला नवा सांकेतिक कोड तयार करते, आणि कालचा कोड आज चालत नाही. वायफायसारखी खूण असलेल्या या टेकवायच्या कार्डातही तीच चिप असते, फक्त तिला प्लास्टिकच्या आत बारीक तारेचं वेटोळं जोडलेलं असतं. बॅटरी नसते. मशीनच्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरींतूनच कार्डाला वीज मिळते, म्हणून ते चार-पाच सेंटिमीटरवर आणावं लागतं.

पण सुरुवातीची कार्डं खरोखरच कच्ची होती, हेही सांगायला हवं. २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ आणि आरएसए या सुरक्षा कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी अमेरिकेतली अशी कार्डं तपासली. खातेदाराचं नाव, कार्ड नंबर, मुदत, सगळं उघडं वाचता आलं, बंद लिफाफ्यातूनसुद्धा. पुढं कार्डांतून नाव वगळलं जाऊ लागलं. लहरी अडवणाऱ्या पाकिटांचा बाजार उभा राहिला तो याच भीतीवर.

मी घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वतःचं कार्ड तपासून बघितलं. फोनमधलं एनएफसी, म्हणजे अगदी जवळून लहरींनी माहिती वाचायची सोय, चालू करून कार्ड पाठीला लावलं, तर नंबर आणि मुदत स्क्रीनवर आली. नाव आलं नाही, मागचे तीन आकडेही नाहीत. चार बोटं लांब धरलं तर काहीच नाही. मग चपात्या गुंडाळायच्या फॉइलचा एक तुकडा कार्डाभोवती लपेटला. फोन अगदी चिकटवला तरी गप्प. पाकीट विकत घ्यायचं तर घ्या, काम तेच होतं.

नुसत्या नंबरावर आपल्याकडे ऑनलाइन खरेदी सहज होत नाही, कारण २००९ पासून रिझर्व्ह बँकेनं त्याला जादा पडताळणी सक्तीची केली. ओटीपी येतो तो त्यामुळं. परदेशी साइटवर मात्र ओटीपीशिवाय पैसे जाऊ शकतात. आणि खिशाला मशीन लावणाऱ्यालाही ते कुणाच्या तरी बँक खात्याला जोडलेलंच लागतं, त्यामुळं माग राहतो.

माझ्या मते खरा धोका साधा आहे: कार्ड हरवणं. पिनशिवाय टेकवायची मर्यादा २०१५ मध्ये २,००० रुपये होती, ती १ जानेवारी २०२१ पासून ५,००० झाली. रंकाळ्यावर पडलेलं कार्ड ज्याच्या हाती लागेल त्याला हा दरवाजा उघडाच. त्यावरचा उपाय रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२० च्या परिपत्रकात दिला: टॅप (टेकवून पैसे देणं), ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार चालू-बंद करणं, मर्यादा ठरवणं, हे सगळं खातेदाराच्या हातात. बँकेच्या ॲपमध्ये दोन मिनिटांचं काम आहे, पण मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतल्या बहुतेकांनी तो पर्याय कधी उघडलाच नव्हता. आईच्या कार्डाचं टॅप मी बंद केलं, माझं ५०० वर आणलं.

तरीही कार्ड गेलंच, तर रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक लक्षात ठेवायचं. बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेनं सोसायचं आहे. म्हणून फोन करताना तक्रार क्रमांक मागून घ्यायचा आणि शेजारी वेळ लिहायची.