मोटर फिरते आणि बोर्ड रीसेट होतो

‘मोटर सुरू केली की बोर्ड रीसेट होतो. कोडमध्ये काय चुकलं असेल?’ इथे बोर्ड म्हणजे आपण लिहिलेला कोड चालवणारा छोटा संगणक, आणि रीसेट म्हणजे तो मध्येच थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू होणं. घरी छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्यांमध्ये हा प्रश्न इतक्यांदा येतो, की मुरलेला माणूस कोड उघडूनही बघत नाही. तो उलट विचारतो, ‘मोटरला वीज कुठून दिली आहे?’

या उलट प्रश्नामागे पक्कं भौतिकशास्त्र आहे. फिरणारी डीसी मोटर थोडी जनित्रासारखीही वागते. तिच्यात उलट दिशेचं व्होल्टेज तयार होतं आणि ते करंटला आवर घालतं. मोटर थांबलेली असताना हे उलट व्होल्टेज शून्य असतं. त्यामुळे सुरू होण्याच्या क्षणी करंटला अडवायला उरतो फक्त तारेच्या वेटोळ्यांचा रोध, आणि करंट नेहमीच्या कितीतरी पट होतो. समजा, मोटर आणि बोर्ड एकाच ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर आहेत आणि करंट क्षणभर २ अँपिअर झाला. ब्रेडबोर्डचे (भाग नुसते खोचून सर्किट जोडायच्या पाटीचे) सैल संपर्क आणि जोडणीच्या बारीक जंपर वायर यांचा मिळून अर्धा ओहम रोध असेल, तर ओहमच्या नियमानुसार १ व्होल्ट वाटेतच संपतो. ५ व्होल्टपैकी बोर्डापर्यंत ४ पोहोचतात. बोर्डाला स्थिर ३.३ व्होल्ट देणाऱ्या रेग्युलेटरला आउटपुटपेक्षा साधारण १ व्होल्ट जास्त इनपुट लागत असेल, तर तो तिथे कमी पडतो. त्यात त्याच वेळी बोर्डाच्या वाय-फायने सिग्नल पाठवायला घेतला आणि करंटची गरज आणखी वाढली, तर बोर्ड रीसेट होणारच. कोडचा यात काही दोष नसतो.

मग मदत करणारा म्हणतो, मल्टिमीटर लावून बघा. विचारणारा मोजतो आणि कळवतो, ‘४.९ व्होल्ट, अगदी व्यवस्थित.’ इथे बरेच जण चकतात. साधा डिजिटल मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदाच नवा आकडा दाखवतो. काही मिलिसेकंदांचा खड्डा त्याला दिसतच नाही. तो बघायला व्होल्टेजमधले क्षणिक बदल पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप लागतो, आणि तो प्रत्येकाच्या टेबलावर नसतो. चांगला जाणकार अशा वेळी एक साधा प्रयोग सुचवतो: मोटरच्या वायर काढा, तिच्या जागी एलईडी आणि ३३० ओहमचा रेझिस्टर लावा, आणि तोच कोड चालवा. आता रीसेट होत नसेल, तर कोड सुटला आणि संशय वीजपुरवठ्यावर आला. ही युक्ती मला फार आवडते. लांब बसलेला माणूस सर्किटला हात न लावता अर्ध्या शक्यता बाद करून टाकतो.

उपायही सांगितला जातो, मोटरला वेगळा पुरवठा द्या. पण लगेच पुढचं वाक्य यायलाच हवं: दोन्ही पुरवठ्यांचे ग्राउंड, म्हणजे ऋण टोकं, एकमेकांना जोडा. व्होल्टेज म्हणजे दोन बिंदूंमधला फरक. ग्राउंड जोडलेलं नसेल, तर बोर्डाने पिनवर दिलेल्या ३.३ व्होल्टना मोटर चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरसाठी अर्थच उरत नाही. आणि मोटरला उलटा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावलाय का, हेही विचारून घ्यावं. करंट एकदम तोडला की वेटोळ्यात व्होल्टेजची मोठी उसळी येते, डायोड नसेल तर ती ट्रान्झिस्टर मारू शकते.

मदत मागताना सर्किटची आकृती द्यावी हे सगळे सांगतात. माझं मत असं, की फोटोही तितकाच हवा. आकृतीत आपल्याला जे जोडायचं होतं ते असतं, फोटोत जे जोडलंय ते दिसतं. काही ब्रेडबोर्डांची वीजपुरवठ्याची लांब पट्टी मधोमध तुटलेली असते. आकृतीत ती कधीच सापडणार नाही.

ही देवाणघेवाण नवी नाही. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कमधल्या एका गॅरेजमध्ये ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ या संगणक बनवणाऱ्या हौशींच्या मंडळाची पहिली बैठक झाली. याच क्लबात अ‍ॅपल कंपनीचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी आपल्या अ‍ॅपल-१ संगणकाच्या सर्किटच्या प्रती फुकट वाटल्या, इतरांनाही तो बनवता यावा म्हणून.

एका ठिकाणी मात्र मदत करणाऱ्याने थांबावं, आणि तसं स्पष्ट सांगावं. भिंतीतल्या सॉकेटमधल्या विजेवर चालणाऱ्या पुरवठ्याचं झाकण नवख्याला लांबून उघडायला लावू नये. २३० व्होल्ट एसीचं डीसी केलं की आतल्या, विद्युतभार साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथे राहू शकतात. अशा वेळी तयार, बंद डब्यातला ५ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर वापरा, एवढाच सल्ला योग्य.