खाचरातला मिथेन आणि फूटभर पाइप

तापमानवाढीचा विषय निघाला की बोट धुरांड्यांकडे जातं. हिरव्यागार भातखाचराचा संशय कुणाला येत नाही. पीक कार्बन डायऑक्साइड शोषतं, म्हणजे ते आपल्याच बाजूचं, असा सरळ हिशोब असतो. तो इथे फसतो. पिकाने शोषलेला कार्बन भात खाल्ला गेला, पेंढा कुजला की बहुतांशी हवेत परत जातोच; पण त्यातला थोडा जरी मिथेन होऊन गेला तरी महागात पडतो. शंभर वर्षांच्या हिशोबात एक किलो मिथेन २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो, आणि मानवी व्यवहारांतून निघणाऱ्या मिथेनपैकी सुमारे ८ ते १० टक्के भातशेतीतून येतो. भाताखालची बहुतेक जमीन विकसनशील देशांत, लहान शेतकऱ्यांकडे आहे. म्हणून उपाय स्वस्त हवा, आणि पोटाला चिमटा न काढणारा हवा.

मिथेन भाताचं रोप बनवत नाही, चिखल बनवतो. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत दहा हजार पट हळू झिरपतो, त्यामुळे पाणी भरल्यावर काही मिलिमीटरखालच्या मातीतला ऑक्सिजन लवकरच संपतो. जिवाणूंना तरी श्वास घ्यायचाच असतो. श्वास म्हणजे अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन कुणाच्या तरी गळ्यात मारणं. ऑक्सिजन नसेल तर नायट्रेट, ते संपलं की मँगनीज, मग लोह, मग सल्फेट, असा मानाचा क्रम ठरलेला आहे. लोहाची पाळी आली की तांबूस माती राखाडी होते. मातीचा रेडॉक्स विभव, म्हणजे इलेक्ट्रॉन खेचून घेण्याची तिची ओढ, उणे १५० मिलिव्होल्टच्या आसपास उतरला, की शेवटच्या मानकऱ्यांचं, म्हणजे आर्किया गटातल्या सूक्ष्मजीवांचं फावतं. ते अॅसिटेट (सेंद्रिय पदार्थ कुजताना बनणारं संयुग) फोडून किंवा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड जोडून मिथेन बनवतात. त्यातला थोडा बुडबुड्यांनी वर येतो. दलदलीतल्या अशा वायूला लोक भुताटकीशी जोडत. व्होल्टाने १७७६ साली तळ्याचा गाळ ढवळून तो बाटलीत धरला आणि पेटवून दाखवला, भूत काही निघालं नाही. खाचरातला बहुतेक मिथेन मात्र रोपाच्या पोकळ ऊतींतून, धुराड्यातून निघावा तसा, वर जातो.

मजा पुढे आहे. खाचर काही दिवस सुकलं की मातीत हवा शिरते आणि वापरलं गेलेलं लोह पुन्हा गंजतं, म्हणजे इलेक्ट्रॉन घ्यायला नव्याने तयार होतं. पाणी परत भरलं तरी ती सगळी रांग पहिल्यापासून सुरू होते आणि मिथेनवाल्यांना थांबावं लागतं. थोडे दिवस सुकवल्याचा फायदा त्यापेक्षा जास्त दिवस मिळतो तो यामुळे.

फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने याच आलटून-पालटून ओलाव्याची पद्धत बसवली. मातीखालचं पाणी किती खोल गेलं ते दिसावं म्हणून ३० सेंटीमीटर लांब, १० ते १५ सेंटीमीटर व्यासाचा पाइप घ्या, खालच्या अर्ध्या भागाला सगळीकडून भोकं पाडा, १५ सेंटीमीटर मातीत ठोका आणि आतली माती काढून टाका. चिखलणीने तयार झालेला कडक थर फोडू नका, नाहीतर पाणी तिथूनच खाली जाईल. जागा बांधाजवळची, पण सगळ्या खाचराच्या पातळीशी जुळणारी हवी. पाणी दिल्यावर पाइपातली आणि बाहेरची पातळी काही तासांत सारखी झाली नाही तर भोकं बुजली आहेत असं समजा.

लावणीनंतर एक-दोन आठवड्यांनी सुरुवात करायची. तण फार असेल तर दोन-तीन आठवडे थांबायचं. पाइपातली पातळी मातीखाली १५ सेंटीमीटर गेली की ५ सेंटीमीटर पाणी भरायचं. तोवर जमीन वरून सुकलेली दिसली तरी मुळांना पाणी मिळत असतं, उत्पादन घटत नाही. फुलोऱ्याच्या आधीचा आणि नंतरचा एकेक आठवडा मात्र पाणी हटवायचं नाही. तेव्हा ताण पडला तर लोंब्या पोचट राहतात.

आकडे पाहा. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या ढोबळ गुणकांनुसार सतत भरलेल्या खाचरातून हेक्टरी दिवसाला १.१९ किलो मिथेन निघतो, ११० दिवसांत १३१ किलो. अनेकदा सुकवलं की ०.५५ ने गुणायचं, म्हणजे ७२. पण लावणीच्या तोंडावर हेक्टरी ५ टन पेंढा गाडला तर हेच उत्सर्जन जवळपास तिप्पट होतं. तोच महिनाभर आधी गाडला तर दीडपट. पाइप ठोकून लावणीच्या तोंडावर पेंढा गाडणाऱ्याने कमावलं त्याहून जास्त घालवलं.

दुसरी गोम नायट्रस ऑक्साइडची, म्हणजे खतातल्या नायट्रोजनपासून मातीत बनणाऱ्या वायूची. तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो आणि माती सुकून पुन्हा भिजताना वाढतो. हेक्टरी एक किलो जादा निघाला तरी मिथेनमधल्या बचतीचा सहावा हिस्सा गेला. म्हणून युरिया कोरड्या मातीवर, पाणी भरण्याच्या अगदी आधी टाकतात. तो पाण्याबरोबर खाली मुरतो.

कार्बन क्रेडिटची, म्हणजे टाळलेलं उत्सर्जन विकण्याची, जाहिरात करणारे पाइप मोजतात. मोजायला हवेत सुकलेले दिवस. भर पावसात पाण्याचा निचराच होत नाही, असमतल खाचरात उंचवटा वाळतो आणि खळगा भरलेलाच राहतो, भारी जमिनीला खोल भेगा पडल्या तर पुढचं पाणी त्यांतच जिरतं. पाणीपट्टी एकरी ठरलेली असेल तर वाचलेल्या पाण्याचे पैसे शेतकऱ्याला मिळत नाहीत. पंपवाल्याचं डिझेल वाचतं, शेतकऱ्याच्या वाट्याला जादा खुरपणी येते.