काका, मी पडलो नाय

मे महिन्यात सोलापुरात सकाळी साडेसहालाच घाम फुटतो, अन् आमचा पुतण्या अंगात प्लास्टिकचा रेनकोट घालून पार्क स्टेडियमभोवती पळत होता. तोंडात च्युइंगम, हातात पाण्याची रिकामी बाटली, ती पण प्यायला नाही तर थुंकायला, कारण बॉक्सिंगच्या मॅचच्या आधी वजन त्याच्या वजनगटापेक्षा सव्वा किलो जास्त भरत होतं. मी म्हटलं का बे, मरतोस का? तर म्हणे काका, सगळेच करतेत.

मॅच हरला. रात्री घरी आला तर डावा डोळा सुजून बंद, वहिनीनं काय विचारायच्या आतच यानं सांगून टाकलं, "पण मी पडलो नाय." त्याचे कोच पण दुसऱ्या दिवशी हेच कौतुकानं सांगत होते, पोरगं मार लई खातंय, दम आहे. मला तिथंच खटकलं. बॉक्सिंगमध्ये ज्या गुणाची सगळ्यात जास्त वाहवा होते ना, तोच गुण डोक्याला सगळ्यात महाग पडतो.

गावाकडून स्टीलच्या डब्यात खरवस घेऊन स्कूटरवर आला असाल तर पुढचं लगेच कळेल. साधा ब्रेक मारला तर खरवसाला फार काय होत नाही, पण पिशवीला पीळ बसून डबा गर्रकन फिरला की डबा पुढं जातो, खरवस मागं राहतो, कडेनं सुटतो अन् मधनं चिरा पडतात. मेंदू खरवसापेक्षाही मऊ, वजन साधारण 1.3 ते 1.4 किलो, अन् तो कवटीत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. हनुवटीवर आडवा हुक, म्हणजे बाजूनं फिरवून मारलेला ठोसा, बसला की मान झटक्यात फिरते, कवटी फिरते, मेंदू जरा उशिरा फिरतो, अन् त्या मधल्या क्षणात आतले बारीक तंतू ताणले जातात. 1943 साली होलबर्न नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं कवटीच्या आकाराच्या साच्यात जिलेटिन भरून हेच दाखवलं होतं, की सरळ धक्क्यापेक्षा असा पीळच जास्त घातक.

जोर किती म्हणाल तर 1985 साली फ्रँक ब्रुनो या हेवीवेट बॉक्सरचा ठोसा मोजला होता, मुठीचा वेग सेकंदाला जवळपास 9 मीटर अन् जोर सुमारे 400 किलो वजनाइतका. लोकांना वाटतं ग्लोव्ह आहे की, मऊ आहे. अहो ग्लोव्ह मारणाऱ्याच्या हातासाठी असतो! उघड्या मुठीनं कवटीवर जोरात मारलं तर हाताची हाडं मोडतात, म्हणून माणूस जपून मारतो, ग्लोव्ह घातला की ती भीती गेली, मग डोक्यावर हाणा हवं तेवढं. हेडगार्डनं पण कातडी फाटायची वाचते, मेंदूचं फिरणं थांबत नाही, 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तर पुरुषांचं हेडगार्ड काढूनच टाकलं होतं.

आता न पडण्याबद्दल. 2 ऑगस्ट 2025 ला टोकियोत शिगेतोशी कोतारी हा 28 वर्षांचा बॉक्सर पूर्ण 12 राउंड उभा राहिला, मॅच ड्रॉ झाली, अन् त्यानंतर तो कोसळला. त्याच संध्याकाळी, त्याच रिंगमध्ये हिरोमासा उराकावा आठव्या राउंडला नॉकआउट झाला. दोघंही आठवड्याभरात गेले, दोघांनाही एकच दुखापत. मेंदूच्या पृष्ठभागावरून वरच्या आवरणाकडं जाणाऱ्या बारीक शिरा तुटतात, रक्त हळूहळू साचतं, कवटी काय फुगत नाही, मग दाब सगळा मेंदूवर. माणूस तेव्हा बोलत असतो, चालत असतो, डोकं दुखतंय म्हणतो, उलटी करतो, अन् घरचे म्हणतेत उन्हाचं झालं असेल, लिंबूपाणी दे. तसं झालं तर लिंबूपाणी नको, सीटी स्कॅन. वजन उतरवायला पाणी तोडलेल्या माणसाला हा धोका जास्त असावा अशी डॉक्टरांना शंका आहे, अन् मला तो रेनकोट तेव्हापासून डोळ्यासमोरून जात नाही.

हे झालं एका रात्रीत मरण्याचं. दुसरं मरण हळू चालतं. 1928 सालीच हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टरनं लिहून ठेवलं होतं की बरेच जुने बॉक्सर दारू न पिताही झिंगल्यासारखे चालतात, त्याला तिथं पंच ड्रंक म्हणायचे. आज कळलंय की डोक्याला वर्षानुवर्षं हादरे बसले की मेंदूत टाऊ नावाचं प्रोटीन साचत जातं, विसरभोळेपणा, चिडचिड, पुढं स्मृतिभ्रंश, अन् या आजाराचं पक्कं निदान फक्त मेल्यावर मेंदू कापून बघितला तरच होतं. यात मॅचपेक्षा सरावातले ठोसे कैकपट, आणि त्यांच्यावर ना रेफरी ना डॉक्टर. मोहम्मद अली सरावात पार्टनरला मुद्दाम मारू द्यायचा, अंगाला सवय व्हावी म्हणून. 1980 ला 38 व्या वर्षी परत रिंगमध्ये आला, तेव्हाचा चॅम्पियन लॅरी होम्सनं दहा राउंड तुडवला तरी पडला नाही, शेवटी कोपऱ्यातून अलीचा कोच डंडीनं मॅच थांबवली. 1984 ला पार्किन्सन्सचं निदान झालं. ते ठोशांमुळंच झालं का, यावर डॉक्टर अजून भांडतात, पण तो मार ज्यांनी बघितलाय त्यांना विचारा.

याउलट बर्मिंगहॅमचा पीटर बकली, 300 मॅच खेळला, त्यातल्या 256 हरला. हसू येतं, पण त्याचा धंदाच तो होता, नवीन पोरांना जिंकू द्यायचं, मानधन घ्यायचं, पुढच्या मॅचला उभं राहायचं. नॉकआउट झालं की सक्तीची सुट्टी, म्हणजे कमाई बंद, म्हणून हा ठोसे चुकवण्यात पटाईत. पोराला पोस्टर लावायचंच असेल तर याचं लाव म्हटलं, तर पोरगं हसलं.

परवा त्याची सरावाची वही बघितली. स्किपिंग किती मिनिटं, वजन ग्रॅमपर्यंत, अंडी किती खाल्ली, सगळं रोजच्या रोज. मी पट्टी घेऊन शेजारी एक रकाना आखला अन् वर लिहिलं, डोक्याला किती बसले. काल उघडली तर तिथं लिहिलं होतं, "मोजले नाय."