सायलेंट कॅबिनेट घेतलं, तरी पीसी का घोंगावतो?

'आवाज नको असेल तर फोमचं बंद कॅबिनेट घ्या, जाळीच्या कॅबिनेटमधून सगळा आवाज बाहेर येतो.' सोलापूरच्या नवी पेठेत चौकशी करा नाहीतर पुतण्याला विचारा, सल्ला हाच. ऐकून कान किटले.

जाळीचं कॅबिनेट सगळ्यांनी पाहिलंय: पुढे छिद्रांचा पत्रा, मागे फॅन. सायलेंट म्हणून विकतात त्याचं तोंड भरीव असतं, हवा कडेच्या फटींतून येते आणि पत्र्याला आतून फोम किंवा जड शीट चिकटवलेली असते. रंग, बाजूची काच, केबल लपवायची जागा यांचा आवाजाशी संबंध नाही.

खरी गोम पुढे आहे. फोम फक्त आधीच झालेला आवाज अडवतो, तोही मुख्यतः वरच्या पट्टीतला. ग्राफिक्स कार्डाच्या कॉइलची किणकिण दबते, फॅनची खालची घरघर पातळ फोमला जुमानत नाही. यंत्रमागाच्या शेडचं दार ओढून घेतलं म्हणून माग थांबतो का? जाळीचं कॅबिनेट मुळात आवाज कमी होऊ देतं, कारण हवा सहज आत आली की फॅनला पळावं लागत नाही. फॅनचा आवाज त्याच्या वेगाच्या साधारण पाचव्या घाताने वाढतो. वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. १० उतरले तरी कानाला तो निम्मा वाटतो. तोंड बंद केलं की हिशोब उलटा फिरतो. आत उष्णता साठते, मदरबोर्ड फॅनचा वेग चढवतो आणि फोमने वाचवलेलं सगळं तिथेच जातं.

त्यात आपला मे महिना. सायलेंट कॅबिनेटचं कौतुक करणारे व्हिडिओ बहुतेक थंड खोलीतले असतात. समजा प्रोसेसर ७० अंशांवर रोखायचाय. खोली २२ अंशांची असेल तर हाताशी ४८ अंशांचा फरक आहे. सोलापुरात पत्र्याखालच्या खोलीत दुपारी ३८ असेल तर उरले ३२. तेवढीच उष्णता बाहेर काढायला किमान दीडपट हवा लागणार, आणि नेमकं तेव्हा तुम्ही तिचं तोंड दाबलंय! पुढे अख्खी काच आणि तिच्यामागे तीन रंगीत फॅन असलेली कॅबिनेट तर मी फुकट दिली तरी घेणार नाही. त्यांत फोमही नाही आणि हवाही नाही.

हार्ड डिस्कची थरथर हा तिसराच विषय. तिला रबरी वॉशर लावा किंवा सरळ एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी डिस्क घ्या. बंद कॅबिनेट शोभतं ते ग्राफिक्स कार्ड नसलेल्या ऑफिसच्या पीसीला, नाहीतर एसी लावून आवाज रेकॉर्ड करणाऱ्याला.

बाकीच्यांनी जाळीचं घ्यावं, पुढे १४० मिलिमीटरचे दोन फॅन लावावेत आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) त्यांचा वेग ६००-७०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांवर ठेवावा. कार्ड तापलं तरच चढू द्यावा. अशोक चौकाच्या बाजूला, यंत्रमागाजवळ राहत असाल तर सुताची तूस फिल्टरवर बसून जाळीचंही बंद कॅबिनेट करते. तिथे फिल्टर काढून नळाखाली धरायचा, पूर्ण वाळवायचा आणि मगच परत बसवायचा.