फुकटच्या व्हीपीएनचं दुसरं टोक

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या पानावर 'व्हीपीएन' असा एक पर्याय दिसतो. व्हीपीएन म्हणजे आपली इंटरनेट वाहतूक दुसऱ्या एका संगणकातून वळवणारी बंदिस्त वाट. तो पाहून अनेकांची समजूत होते की व्हीपीएन संगणकात आधीपासूनच आहे, फक्त चालू करायचं राहिलंय. पण तिथे नवीन जोडणी करायला गेलं की संगणक सर्व्हरचा पत्ता विचारतो आणि गाडी अडते. व्हीपीएनला दोन टोकं लागतात. विंडोज देतं ते आपल्याकडचं टोक. दुसरं टोक म्हणजे इंटरनेटवर कुठेतरी अखंड चालू असलेला एक संगणक. त्याची वीज, जागा आणि इंटरनेटचं बिल कोणाला तरी भरावं लागतं. फुकट व्हीपीएन शोधायचं म्हणजे हा दुसरा संगणक फुकट वापरू देणारा शोधायचा, आणि तो तसं का करतोय हे तपासायचं.

आधी या दोन टोकांच्या मध्ये काय घडतं ते पाहू. आपण एखादी वेबसाइट उघडतो तेव्हा आपली मागणी छोट्या छोट्या पॅकेटांत विभागून निघते. प्रत्येक पॅकेटवर ते कुठून आलं आणि कुठे चाललंय याचे आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवरच्या संगणकांचे क्रमांक, असतात. हल्ली बहुतेक साइट एचटीटीपीएस ही मजकूर कूटबद्ध करून पाठवायची पद्धत वापरतात, त्यामुळे आतला मजकूर वाटेत कोणाला वाचता येत नाही. पत्ते मात्र उघडे राहतात, आणि साइटचं नाव सांगून तिचा पत्ता विचारणारी डीएनएसची चौकशीही बहुधा उघडीच जाते. म्हणजे तुम्ही बँकेच्या साइटवर गेलात हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला कळतं, तिथे काय केलंत हे कळत नाही.

व्हीपीएन सुरू केलं की संगणकात एक आभासी नेटवर्क कार्ड तयार होतं. कोणतं पॅकेट कोणत्या वाटेने सोडायचं याचा एक तक्ता ऑपरेटिंग सिस्टीमकडे असतो, राउटिंग टेबल. त्यात 'सगळं या नव्या कार्डाकडे द्या' अशी नोंद पडते. तिथे आलेलं अख्खं पॅकेट, पत्त्यांसकट, व्हीपीएनचा प्रोग्राम कूटबद्ध करतो आणि दुसऱ्या पॅकेटात घालतो. एक बंद पाकीट दुसऱ्या पाकिटात सरकवून वर वेगळाच पत्ता लिहावा, तसं. बाहेरचा पत्ता व्हीपीएन सर्व्हरचा. इंटरनेट कंपनीला तेवढाच दिसतो. सर्व्हर बाहेरचं पाकीट फोडतो, आतलं पॅकेट स्वतःच्या पत्त्याने पुढे पाठवतो आणि उत्तर आलं की त्याच रीतीने परत करतो. कंपनीला जे दिसायचं बंद झालं, ते आता सर्व्हर चालवणाऱ्याला दिसू लागतं.

कूटबद्ध केलेलं उलगडायला तुमचा संगणक आणि सर्व्हर या दोघांकडे एकच गुप्त किल्ली हवी, आणि ती ठरवायची उघड्या तारेवरून. हे जमतं ते व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या पद्धतीमुळे. दोन्ही बाजू आपापला एक गुप्त आकडा राखून ठेवतात, त्यावरून काढलेली एक संख्या उघडपणे एकमेकांना पाठवतात आणि त्या देवाणघेवाणीतून दोघांकडे एकच किल्ली तयार होते. मधल्या माणसाने सगळं ऐकलं तरी त्याला ती काढता येत नाही. वायरगार्ड या आजच्या प्रणालीत तर ही किल्ली साधारण दर दोन मिनिटांनी बदलते. त्यामुळे आजची वाहतूक कोणी साठवून ठेवली आणि पुढे कधी तुमच्या संगणकातली कायमची किल्ली चोरली, तरी साठवलेलं उलगडत नाही. मला या सगळ्या यंत्रणेतला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो.

सगळ्याच प्रणाली इतक्या भक्कम नाहीत. पीपीटीपी ही १९९० च्या दशकातली. तिच्या ओळख पटवण्याच्या पद्धतीतलं छिद्र २०१२ मध्ये इतकं मोठं करून दाखवलं गेलं की पकडलेली जोडणी एका दिवसाच्या आत फोडता येत होती. गंमत म्हणजे विंडोजमध्ये नवीन व्हीपीएन जोडताना येणाऱ्या प्रणालींच्या यादीत ती अजूनही दिसते, निवडू नये. ओपनव्हीपीएन २००१ पासून आहे आणि विश्वासार्ह आहे. वायरगार्डच्या प्रोग्रामचा गाभा जेमतेम चार हजार ओळींचा, म्हणून तपासायला सोपा. मार्च २०२० मध्ये तो लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या ५.६ आवृत्तीत थेट सामील झाला.

वेग कमी होतो तो कशाने? दोष सहसा कूटबद्ध करण्याला दिला जातो, पण आजच्या प्रोसेसरला ते जड जात नाही. पाकिटात पाकीट घातल्याने जागा थोडी जाते: १५०० बाइटच्या पॅकेटात वायरगार्डचं वेष्टन ६० बाइट घेतं, आयपीव्ही६ या आयपी पत्त्यांच्या नव्या पद्धतीत ८०. खरी किंमत अंतराची. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. साइट तुमच्या शेजारी आणि व्हीपीएन सर्व्हर ८,००० किलोमीटरवर असेल, तर मागणी तिथे जाऊन परत येते आणि उत्तरही तोच फेरा मारतं. एकूण ३२,००० किलोमीटर, म्हणजे १६० मिलिसेकंद नुसते प्रवासात. फुकट सेवेत सर्व्हरवर गर्दीही असते, त्यामुळे देश निवडता येत असेल तर जवळचा घ्यावा.

आता बिल कोण भरतं ते. २०१५ मध्ये होला या अतिशय लोकप्रिय फुकट सेवेबद्दल उघड झालं की ती वापरणाऱ्यांच्याच संगणकांतून इतरांची वाहतूक बाहेर सोडते, आणि ही सोय दुसऱ्या नावाने विकलीही जाते. म्हणजे अनोळखी माणसाने केलेल्या उद्योगावर पत्ता तुमच्या घरचा. फेसबुकने २०१३ मध्ये घेतलेलं ओनाव्हो हे 'सुरक्षित' म्हणून मिरवणारं फुकट ॲप लोक कोणती ॲप किती वापरतात याची माहिती मालकाला पुरवत होतं. त्यावरून ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने २०२३ मध्ये दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. त्याच देशातल्या सीएसआयआरओ या संस्थेच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अँड्रॉइडवरची २८३ व्हीपीएन ॲप तपासली. १८ टक्के ॲप वाहतूक कूटबद्धच करत नव्हती, आणि ८४ टक्के ॲपमधून आयपीव्ही६ ची वाहतूक बाहेरून निसटत होती.

तरीही सगळं फुकट वाईट नसतं. पैसे घेणाऱ्या काही कंपन्या नमुना म्हणून मर्यादित फुकट सेवा देतात. तिथे बिल पैसे भरणारे ग्राहक भरतात, आणि हे गणित समजण्यासारखं आहे. प्रोटॉन व्हीपीएनची फुकट सेवा डेटाला मर्यादा घालत नाही, पण देश निवडायची मोकळीक देत नाही. विंडस्क्राइब महिन्याला ठरावीक जीबी देतं. जपानच्या त्सुकुबा विद्यापीठाने २०१३ मध्ये सुरू केलेलं व्हीपीएन गेट स्वयंसेवकांच्या संगणकांवर चालतं. ते सेन्सॉरशिपला वळसा घालण्यासाठी उभं राहिलं आणि जोडण्यांच्या नोंदी ठेवतं. ओळख लपवण्यासाठी त्याच्यावर विसंबू नये.

बसवणं त्या मानाने किरकोळ. प्रोग्राम व्हीपीएन कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा. शोधात वर येणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका. ब्राउझरचं एक्स्टेन्शन फक्त ब्राउझरची वाहतूक वळवतं, बाकीचा संगणक उघडाच राहतो. काही सेवा वायरगार्डची तयार फाइलही देतात, ती वायरगार्डच्या मूळ प्रोग्रामला द्यायची की काम झालं. फाइल उघडून वाचण्यासारखी असते, अवघ्या काही ओळींची. एका भागात तुमची खासगी किल्ली, पत्ता, डीएनएस; दुसऱ्यात सर्व्हरची सार्वजनिक किल्ली आणि ठिकाण. 'अलाउड आयपीज' या ओळीत ०.०.०.०/० असेल तर आयपीव्ही४ ची, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची, सगळी वाहतूक व्हीपीएनमधून जाते. त्यापुढे ::/० नसेल तर आयपीव्ही६ बाहेरून निसटू शकतं, म्हणजे वरच्या ८४ टक्क्यांचाच आजार. ही फाइल कोणाला पाठवू नका, त्यात तुमची खासगी किल्ली आहे. आणि जोडणी तुटली की इंटरनेट अडवणारा किल स्विच चालू ठेवा.

मग तपासा. जोडणीआधी आणि नंतर आपला आयपी पत्ता दाखवणाऱ्या साइटवर जाऊन पत्ता बदलला का बघा, आयपीव्ही६ चाही. डीएनएस गळतीच्या चाचणीत तुमच्या इंटरनेट कंपनीचं नाव दिसलं तर पाकीट कुठेतरी फाटलंय. २०२४ मध्ये 'टनेलव्हिजन' नावाची आणखी एक वाट उजेडात आली: ज्या नेटवर्कवर तुम्ही आहात ते पत्ता देतानाच राउटिंग टेबलात जास्त नेमकी नोंद घुसवू शकतं, आणि संगणक व्हीपीएनऐवजी ती पाळतो. घरी राउटर आपलाच असतो, त्यामुळे हा धोका अनोळखी वायफायवर जास्त.

घरबसल्या व्हीपीएन हवंच का, हाही प्रश्न विचारायला हरकत नाही. एचटीटीपीएसमुळे जाहिराती सांगतात तेवढी गरज उरलेली नाही. लॉगिन करून बसलात तर ती साइट तुम्हाला ओळखतेच, कुकीज तशाच राहतात, आणि फसव्या लिंकपासून व्हीपीएन वाचवत नाही.

पूर्णपणे फुकट असा आणखी एक प्रकार आहे, आणि तो फारसा कोणी सुचवत नाही: दुसरं टोकही आपलंच ठेवायचं. घरच्या संगणकावर वायरगार्ड सर्व्हर चालवला, राउटरवर त्याचं एक यूडीपी पोर्ट, म्हणजे वाहतूक आत येण्याचं क्रमांकाचं दार (सहसा ५१८२०), त्या संगणकाकडे वळवलं की बाहेरच्या वायफायवरून थेट घरी पोचता येतं, घरच्या फाइलींसकट. साइटना यात घरचाच पत्ता दिसतो, पण मध्ये तिसरा कोणी नसतो. अडचण एकच येऊ शकते. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टापूतला असेल, तर इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे आणि बाहेरून आलेलं पॅकेट तुमच्या राउटरपर्यंत पोचणारच नाही. अशा वेळी कंपनीकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागावा लागतो, किंवा जोडणीला आयपीव्ही६ असेल तर त्यावरून काम भागवता येतं.