नव्या बंदिशीची इंदूर-देवासकडची वाट

"ही माझी स्वतःची बंदिश" असं सांगून गायकानं ख्याल सुरू करणं इंदूरच्या मैफलीत आता नवलाचं राहिलेलं नाही. रागसंगीतात गवई आणि रचनाकार अशी फारकत मुळात नव्हतीच. गाणाराच चीज, म्हणजे बंदिश, बांधायचा आणि शब्दांत आपली मुद्रा, म्हणजे रचनाकाराचं टोपणनाव, गुंफायचा. अठराव्या शतकात मुघल बादशहा मुहम्मदशहा रंगीलेच्या दरबारातल्या नियामत खाँची 'सदारंग' ही मुद्रा आजही रोज गायली जाते. पण पुढे मान जुन्या चिजेलाच राहिला. संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांनी 'क्रमिक पुस्तक मालिके'त त्या चिजा स्वरलिपीत उतरवल्या, आणि घराण्यांत बंद असलेलं धन सर्वांना खुलं झालं.

मग 1948 साली क्षयानं ग्रासलेले कुमार गंधर्व मुंबई सोडून, कोरड्या हवेसाठी, इंदूरजवळच्या देवासला आले. गाणं काही वर्षं बंद. अंथरुणावर पडल्यापडल्या कानावर येत होती ती माळव्यातली लोकगीतं. राग धुनेतून उगवतो, ही त्यांची धारणा तिथं पक्की झाली आणि मालवती, संजारी, लगनगंधार असे 'धुनउगम राग' आले. गांधीजींच्या जन्मशताब्दीसाठी त्यांनी गांधीमल्हार बांधला. माळवी बोली, ऋतू, घरातलं साधं बोलणं, सगळं त्यांच्या बंदिशीत शिरलं. त्या आधी हे विषय ख्यालात नव्हते असं नाही, पण इतके ताजे नव्हते.

इंदूरच्या अमीर खाँसाहेबांची वाट निराळी. सारंगिये शहामीर खाँ त्यांचे वडील. घरातून मिळाला मेरुखंडाचा रियाज. चार स्वरांच्या चोवीस उलटापालटी, त्यातून बढत, म्हणजे रागाचा हळूहळू विस्तार. सोबत झुमरा तालाची संथ लय. 'सूररंग' मुद्रेनं त्यांनी बंदिशी बांधल्या आणि तराण्याच्या बोलांत फारसी अर्थ शोधला. तराणा म्हणजे निरर्थक अक्षरं, हा समज त्यांना मान्य नव्हता.

तिसरा धागा हवेली संगीताचा, म्हणजे वैष्णव मंदिरांतल्या गायनाचा. कृष्णभक्तीच्या पुष्टिमार्गी परंपरेतले इंदूरचे गोकुलोत्सवजी महाराज 'मधुरपिया' नावानं रचतात. त्यांना 2015 साली पद्मभूषण मिळालं.

तिघांतही मला कुमारांचं ऋण मोठं वाटतं, कारण त्यांनी रचना जपून न ठेवता वाटून टाकल्या. 1965 साली 'अनूपरागविलास' स्वरलिपीसह छापून आला. त्यामुळे त्यांना प्रत्यक्ष कधी न ऐकलेली मुलंही त्यांची बंदिश पुस्तकातून बसवू शकतात, आणि मग पुढचा अंतरा स्वतः बांधून पाहतात.