जीटीएक्स १०६० की आरएक्स ५८०: वादामागची गोष्ट

कोल्हापुरात सेकंडहँड पार्ट गोळा करून पीसी जुळवणाऱ्या पोराचं बजेट ठरलं की गाडी बहुतेक वेळा दोन ग्राफिक्स कार्डांवर, म्हणजे पीसीवर चित्र काढणाऱ्या भागांवर, येऊन थांबते: एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० आणि एएमडीचं आरएक्स ५८०. एक दोस्त सांगतो, "भावा, ५८० घे, आठ जीबी हाय." लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा दुसरा म्हणतो, "१०६० सोडून कशाला हात लावू नकोस." दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. फ्रेमरेटचे (गेममध्ये सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचे) तक्ते कितीही चाळले तरी हा वाद मिटत नाही, कारण नवी असताना दोन्ही कार्डं ताकदीनं जवळपास बरोबरीची होती. आज बाजारात त्यांच्यात जो फरक दिसतो, त्यातला बराचसा मधल्या वर्षांत पडलेला आहे.

सुरुवात २०१६ मधली. २९ जूनला एएमडीनं ५८० च्या आधीचं आरएक्स ४८० आणलं, चार जीबी मेमरीचं १९९ डॉलरला. तीन आठवड्यांच्या आत, १९ जुलैला, एनव्हिडियानं सहा जीबीचं १०६० उतरवलं, २४९ डॉलरला. तेव्हा डॉलर ६७ रुपयांच्या घरात होता, म्हणजे कागदावर सोळा-सतरा हजार. कर आणि मधले हात धरून कार्ड शाहूपुरी-राजारामपुरीच्या दुकानात येईपर्यंत आकडा वीस हजारांच्या पुढं जायचा.

४८० चा पाय सुरुवातीलाच घसरला. हे कार्ड मदरबोर्डच्या स्लॉटमधून ठरलेल्या ७५ वॉटपेक्षा जास्त वीज ओढतं, असं परीक्षणांत दिसलं आणि एएमडीला जुलैतच ड्रायव्हर, म्हणजे विंडोजकडून कार्ड चालवून घेणारा प्रोग्रॅम, बदलून ते आवरावं लागलं. मग १८ एप्रिल २०१७ ला ५८० आलं. नाव नवं, पण आतली रचना तीच, पोलॅरिस नावाची, फक्त क्लॉक (चिपचा वेग) वाढवलेला. त्यापायी कागदावरची विजेची भूक १५० वरून १८५ वॉटवर गेली. १०६० मात्र १२० वॉटमध्ये भागवतं. रोज सहा तास पूर्ण ताणानं वापरलं तर ५८० महिन्याला बारा-एक युनिट जास्त खातं. बिलापेक्षा डोकेदुखी एसएमपीएसची, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याची. ५८० ला बहुधा आठ पिनची वायर लागते, आणि कॅबिनेटबरोबर फुकटात आलेल्या एसएमपीएसवर '४५० वॉट' छापलेलं असलं तरी त्यावर विसंबणं म्हणजे देवावर भरवसा ठेवणं.

एडिटिंगवाले १०६० ला का चिकटून राहिले, त्याचं मूळ या दोन्ही कार्डांच्या आधीचं आहे. एनव्हिडियानं २००६ मध्ये कुडा जाहीर केलं: ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढण्यापलीकडची गणितं करून घेण्याची सोय. त्याच वर्षी एएमडीनं कॅनडातली एटीआय ही कंपनी विकत घेतली आणि पुढची काही वर्षं एएमडीचा बराच जीव तो व्यवहार पचवण्यात गेला. २०१० मध्ये प्रीमिअर या व्हिडिओ एडिटिंगच्या प्रोग्रॅमची सीएस-५ आवृत्ती आली, तेव्हा वेग वाढवणारं तिचं इंजिन फक्त कुडावर चालायचं, तेही एनव्हिडियाच्या मोजक्या कार्डांवर. लोकांनी त्यावर तोड काढली: प्रोग्रॅमच्या फोल्डरमधली एक साधी टेक्स्ट फाइल उघडायची, तिच्यात आपल्या कार्डाचं नाव टाकायचं आणि सेव्ह करायचं. पुढं प्रीमिअरनं ओपनसीएल या कुडासारख्याच, पण एका कंपनीपुरत्या नसलेल्या सोयीमार्गे एएमडीलाही दार उघडलं. २०२० मध्ये एक्स्पोर्ट करताना दोन्ही कंपन्यांच्या कार्डांवरचा एन्कोडर (व्हिडिओची फाइल झटपट तयार करणारा भाग) वापरता येऊ लागला. पण तोवर सवय पक्की झाली होती. रंकाळ्यावरचं प्री-वेडिंग आणि पन्हाळ्यावरचं ड्रोन शूटिंग संध्याकाळी घेऊन सकाळी टीझर द्यायचा असेल, तर कोण प्रयोग करत बसणार? म्हणून या मंडळींकडून सुटलेलं १०६० थोडं महाग मिळालं तरी घेणारा कुरकुरत नाही.

५८० ची कहाणी वेगळ्या वळणानं गेली. इथर या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डाकडून गणितं सोडवून घेऊन ते चलन कमावणं, ज्या गणितावर चालायचं, त्याला मेमरीचा वेग लागायचा. ५८० च्या आठ जीबी कार्डाचा तो वेग सेकंदाला २५६ जीबी, तर १०६० चा १९२. किमतीच्या मानानं ५८० हे मायनिंगवाल्यांसाठी सोनंच ठरलं आणि २०१७ मध्ये गेमरना ते छापील भावात मिळेनासं झालं. २०१८ मध्ये इथरचे भाव कोसळले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला आणि पाठोपाठ मायनिंगची दुसरी लाट आली. अखेर १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं, म्हणजे इथर ज्यावर चालतं त्या नेटवर्कनं, आपली पद्धतच बदलली, आणि तिथलं ग्राफिक्स कार्डांचं काम एका दिवसात संपलं. देशोदेशीच्या रिगांवरची (मायनिंगच्या मशीनवरची) कार्डं धुऊन-पुसून बाजारात आली.

जुना ट्रॅक्टर घेताना मीटर सोडून तो आधी ऊस वाहतुकीला होता का, हे विचारतात. ५८० चं तसंच आहे. मायनिंग केलेलं कार्ड वाईटच असतं, असं मी म्हणणार नाही. व्होल्टेज कमी करून, एकाच तापमानाला चालवलेली चिप बऱ्याचदा धडधाकट निघते. झिजतात ते पंखे, वाळते ती चिपची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट, आणि मेमरीवर ताण आलेला असतो. खरी गोम बायोसमध्ये, म्हणजे कार्डाच्या आतच साठवलेल्या प्रोग्रॅममध्ये, असते. मायनिंगवाले मेमरीचं टायमिंग घट्ट करण्यासाठी बायोस बदलून टाकायचे. असं कार्ड नव्या मशीनला लावलं की चित्र दिसतं, ड्रायव्हर टाकला की विंडोज 'कोड ४३' दाखवून हात वर करतं. मूळ बायोस पुन्हा फ्लॅश केला (कार्डात भरला) की बहुतेक कार्डं सुधारतात. म्हणून दोन दिवसांची का होईना चेकिंग वॉरंटी मागावी आणि समोर अर्धा तास गेम चालवून घ्यावा. आपल्याकडं आणखी एक नजर टाकायची असते ती ब्रॅकेट आणि स्क्रूंवर. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी बघितलेल्या मशीनवर तिथं गंज आणि बोर्डावर पांढरट डाग राहतात.

नावांचा घोळ दोन्ही कंपन्यांनी घातला आहे. तीन जीबीचं १०६० हे फक्त मेमरी कमी केलेलं कार्ड नाही. त्याचे कोअर (गणितं करणारे भाग) १२८० वरून ११५२ वर आणलेले आहेत. एएमडीनं २०१८ मध्ये चीनच्या बाजारात '५८० २०४८एसपी' काढलं, जे गुणांनी खालच्या पायरीचं ५७० आहे: नावाप्रमाणे २०४८ कोअरचं. खऱ्या ५८० मध्ये २३०४ कोअर असतात. विकणारा जाहिरातीत फक्त '५८०, आठ जीबी' लिहितो. जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडून 'शेडर्स'पुढचा, म्हणजे कोअरचा, आकडा बघितला की दहा सेकंदांत निकाल लागतो. स्क्रीनशॉटवर भागवू नये. मशीन चालू असताना स्वतः बघावा.

आता ड्रायव्हरचं. पोलॅरिससाठी एएमडीनं २०२३ च्या अखेरीस हात आखडता घेतला: ड्रायव्हर वेगळे काढले आणि मुख्यतः सुरक्षेपुरतेच सुधारायचे ठरवले. एनव्हिडियानं पास्कल पिढीला, म्हणजे १०६० ला, ऑक्टोबर २०२५ पर्यंत गेमसाठीचे ड्रायव्हर दिले. त्यानंतर फक्त सुरक्षेची अपडेट, तीही ऑक्टोबर २०२८ पर्यंत. शिवाय कुडाच्या १३ व्या आवृत्तीनं पास्कलला वगळलं, त्यामुळे एआयचं नवं काही शिकायला म्हणून इंजिनिअरिंगच्या पोरांनी १०६० घेण्यात फारसा अर्थ उरलेला नाही. विंडोजवर एडिटिंग करायचं तर ते अजून चालतं. लिनक्सवाल्यांनी मात्र सरळ ५८० घ्यावं, कारण त्याचा ड्रायव्हर मुक्त (ओपन सोर्स) आहे आणि कर्नलबरोबरच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबरोबरच, येतो. तिकडं १०६० ला ज्या मालिकेपाशी एनव्हिडियानं थांबवलं, त्या ड्रायव्हरचा क्रमांकही ५८०च आहे.